शाळा सुटण्याची वेळ

तानिएलाचा कान फाटला तेव्हा त्याची आत्या मकेलेता समोरच्याच बसमध्ये बसलेली होती. टोंगाची राजधानी नुकुअलोफा, तिथल्या बस स्टँडवर त्या दुपारी दोन्ही शाळांची पोरं एकदमच येऊन थडकली. नारळीतल्या शाळेचे पिवळे आणि खाडीकाठच्या शाळेचे जांभळे. आधी शिट्ट्या झाल्या, मग एकमेकांच्या आज्या-पणज्या काढून झाल्या, मग कोणीतरी शहाळ्याची कवटी भिरकावली आणि कमरेचे पट्टे बाहेर आले. पिवळ्या शर्टातल्या एका दांडगटाने तानिएलाला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि पट्ट्याच्या बकलाने कानावर हाणायला सुरुवात केली. त्याच पोराला मकेलेताने सकाळी फळ्यापाशी बोलावून त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं होतं. त्याने बरोबर सांगितलं होतं.

ती बसमधून उतरून गर्दीत घुसेपर्यंत पोलिसांची गाडी आली आणि सगळे पांगले. कानाची पाळी लोंबत होती. तिने रुमाल दाबून धरला.

"आत्या, तू कशाला उतरलीस? तुला लागलं असतं," तानिएला म्हणाला. दात रक्ताने लाल झाले होते आणि तो हसत होता.

"गप्प बस."

तो गप्प बसला. आमच्याकडे आत्या म्हणजे बापाच्या वर. बापाशी पोरगा वाद घालील, आत्यापुढे मान खालीच. मकेलेताने लग्न केलं नव्हतं. भाऊ सेमिसी, म्हणजे तानिएलाचा बाप, याच्या आवारात, मागच्या खोलीत ती राहायची आणि तानिएला लहानपणापासून तिच्याच ताटातलं जेवून मोठा झाला होता. पण सेमिसी खाडीकाठच्या शाळेचा, त्यांचा बापही तिथलाच, म्हणून पोरगा जांभळा. आणि तिला गणिताची नोकरी मिळाली ती नारळीत, म्हणून ती पिवळी. घरात यावरून चेष्टा चालायची. त्या दिवसापासून कोणी चेष्टा केली नाही.

पोलीस इन्स्पेक्टरने दोन्ही मुख्याध्यापकांना बोलावून सांगितलं, की दोन शाळा एका वेळी सोडू नका, बास. त्यावर मकेलेताचे मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, आमची शाळा कधी सुटणार हे आम्हालाच दुपारी कळतं."

ते खोटं नव्हतं. शाळेचा आठवडा सोमवार-मंगळवारचा नव्हताच. सहा दिवसांचा फेरा होता. पहिला दिवस, दुसरा दिवस, असं म्हणायचं आणि मध्ये सुट्टी आली की फेरा एकेक घर पुढे सरकायचा. त्यात पावसाने पत्र्यावर ताशा धरला की शिकवलेलं ऐकू येत नाही, म्हणून तास छोटे. शाळेच्या मळ्यात रताळी काढायची असली की दुपार रद्द. परिपाठात पाद्रीबाबा बोलत सुटले की पहिला तास बुडाला. आणि गावात कोणी मोठं माणूस गेलं की काळे कपडे घालून सगळे मयताला.

मकेलेताने आपला दिवस मोबाइलच्या कॅलेंडरात बसवायचा दोनदा प्रयत्न करून सोडून दिला होता. मोबाइलला सात दिवस माहीत, शाळेला सहा. एकदा 'दर आठवड्याला' असं टाकलं की एका मयताने महिनाभराचं सगळं चुकायचं. नववीच्या तासाला मोबाइल दहावीची घंटा वाजवायचा. कान फाटला त्यानंतर ती पुन्हा बसली. या वेळी तिने आठवडा विसरायचा ठरवला. सहा दिवसांच्या सहा वेगळ्या पट्ट्या केल्या. घंटा चार प्रकारच्या ठरवल्या: साधी, पावसाची, मळ्याची आणि मयताची. रोज सकाळी शाळेत पोचलं की त्या दिवशीची पट्टी उचलायची, तिला घंटा जोडायची आणि त्या तारखेवर सोडायची. एवढं केलं की शाळा सुटायची वेळ आपोआप पुढे यायची. रंग तानिएलाने निवडून दिले. कानाला पट्टी बांधलेली, तोंडात भाजलेलं केळं, आणि तिच्या मांडीवरचा मोबाइल ओढून घेत म्हणाला, "पिवळ्यांना हा दे. आणि आम्हाला हा वांग्याचा. दे गं, आमचा चांगला दिसायला पाहिजे."

दुसरी बाजू होती फेलेती सरांची. ते खाडीकाठच्या शाळेचे उपमुख्याध्यापक, निवृत्तीला आलेले. ती शनिवारी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली.

"माझ्या मोबाइलात एक गजर आहे," ते म्हणाले, "तोही सकाळी बायको बंद करते."

"सर, तुम्ही फक्त सकाळी मला सांगायचं, आज कुठली घंटा. बाकी मी बघते."

"आणि माझ्या मुख्याध्यापकांनी दुपारी बदलली तर?"

"तर दुपारी सांगायचं."

"म्हणजे म्हातारपणी मला शिपाई केलंस." पण सांगू लागले. दोन्ही शाळांच्या सुटण्यात अर्धा तास तरी राहील असं ती जुळवायची. आज पिवळे आधी, उद्या जांभळे. कॅलेंडर तिने सगळ्यांना उघडं ठेवलं. शिक्षक, बसवाले, आईबाप, कोणीही बघावं. बदल केला की सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजायचे. वाका नावाचा एक बसवाला होता, त्याचा मुलगा लिसिआते तिच्या वर्गात आठवीत. वाका म्हणायचा, "बाई, तुमचा निरोप वाजला की मी झोपेतून उठून चावी लावतो. बायको म्हणते, ही कोण बाई."

ते सत्र शांत गेलं. एकही काच फुटली नाही. इन्स्पेक्टरने शाळेत येऊन तिचा हात हातात घेतला. तिच्या वर्गातला तो दांडगट फळ्यापाशी यायचा, उत्तर सांगायचा, जागेवर जायचा. तानिएलाचा कान वाकडा जुळला, वरची कड आत वळली. तो जेवायला यायचा आणि काही बोलायचा नाही. तिला वाटलं, पोरगा शहाणा झाला.

चर्चच्या वार्षिक मेळ्यासाठी शाळेच्या गायनवृंदाला शहरात सरावाला जायचं होतं. आवाज फुटायचा आहे अशी लहान मुलं, आठवी-नववीची. त्या दिवशी सकाळी गाण्याच्या शिक्षकांची सासू वारली आणि ते मयताला गेले. मकेलेताने कॅलेंडर उघडलं आणि सगळं नीट लिहिलं, कारण तिला सगळं नीटच लिहायची सवय होती: गायनवृंद, लहान मुलं, वाकाची बस, मागच्या रस्त्याने, सोबत शिक्षक नाही. शेवटचे शब्द यासाठी, की चर्चमधलं कोणीतरी पोरांना उतरवून घ्यायला येईल. मग आभाळ भरून आलं, पावसाची घंटा लागली, तिचा दहावीचा तास उडाला. वाकाची बस फाटकात उभी होती आणि आत पोरं खिडकीच्या जागेवरून भांडत होती. तिने पर्स उचलली आणि चढली. कॅलेंडरात ते बदलायचं तिच्या मनात आलं नाही.

मागचा रस्ता दफनभूमीवरून जातो. तिथे खड्डा आहे म्हणून वाकाने वेग कमी केला आणि पाहिलं तर खड्ड्यापुढे माडाचं खोड आडवं. त्याने "हे कोणी..." एवढंच म्हटलं. पहिला दगड समोरच्या काचेतून आत आला आणि त्याच्या कपाळावर बसला. मग दोन्ही बाजूंनी. थडग्यांवर शोभेला टांगतात त्या गोधड्यांच्या आडून पोरं उठत होती आणि मारत होती. काचा मुलांच्या केसांत पडत होत्या. "खाली," मकेलेता ओरडली, "बाकाखाली," आणि जी मिळतील ती डोकी धरून खाली दाबली. एक पोरगा दारातून बाहेर पळायला गेला, त्याला बाहेरच्यांनी पायाला धरून ओढला आणि त्याच्या किंकाळ्या बसच्या पाठीमागून येऊ लागल्या.

दार पहारीने उचकटलं. तिघे वर आले. तोंडाला शर्ट बांधलेले, हातात बांधकामाच्या सळया. वाका स्टीअरिंगवर पडला होता आणि त्याच्या मागच्याच बाकावरचा लिसिआते बापाचं डोकं सावरायला उठून उभा राहिला होता. पहिल्याने सळई आडवी फिरवली. बघून फिरवली नाही. नुसती फिरवली, गवत कापतात तशी. ती लिसिआतेच्या तोंडावर बसली. पोरगा ओरडला नाही. त्याने दोन्ही हात डोळ्यावर ठेवले आणि बोटांतून जे खाली आलं ते मकेलेताने पाहिलं.

मग तिने सळईवाल्याचा कान पाहिला. वरची कड आत वळलेली.

"तानिएला."

तो जिथे होता तिथे थांबला. मागचे दोघेही थांबले. बांधलेल्या शर्टाच्या वरचे डोळे तिच्याकडे बघत होते, लहान मुलाला अंगणातून हाक मारल्यावर बघतात तसे. तिने हात पुढे केला. त्याने सळई तिच्या हातात दिली. आत्याने मागितलं की देतात.

पहिला फटका तिने त्याच्या उजव्या मनगटावर मारला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या बसने ऐकला. मागचे दोघे उड्या टाकून पळाले, त्यांच्यामागून बाहेरचेही. दुसरा खांद्यावर. तिसरा बरगडीत. तो पायरीवरून मागे रस्त्यावर पडला. ती मागोमाग उतरली. त्याने हात वर केला नाही, तोंड झाकलं नाही. आत्या मारते तेव्हा हात वर करायचा नसतो. तिला ते माहीत होतं आणि ती मारत राहिली. पाठीवर, मांडीवर, पुन्हा पाठीवर. तिला थांबायचं नव्हतं. आणि नंतर तिला आठवलं तेव्हा सगळ्यात भयानक हेच वाटलं, की मारताना तिला बरं वाटत होतं.

"बाई." वाका दारात उभा होता, अर्धा चेहरा रक्ताने माखलेला. "बाई, पुरे. पोराला दवाखान्यात न्यायचंय."

कुठल्या पोराला ते त्याने सांगितलं नाही. खोड बसमधल्या पोरांनीच ढकलून बाजूला केलं. मागे ओढलेल्या मुलाला उचललं, त्याची कोपरं सोलवटली होती पण तो चालत होता. तानिएलाला वाकाने स्वतः बगलेत हात घालून वर घेतलं आणि बसच्या फरशीवर टाकलं. लिसिआतेचं डोकं मकेलेताच्या मांडीवर होतं. वाकाने एका डोळ्यातलं रक्त पुसत बस शहरापर्यंत नेली.

लिसिआतेचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं तेव्हा त्याची आई भिंतीशी बसून होती, ती तशीच बसून राहिली. तानिएलाचं मनगट, दोन बरगड्या आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याच्या खाटेपाशी पोलीस बसला होता. मकेलेता आत गेली तसा पोलीस उठून बाहेर उभा राहिला.

"मला वाटलं, बसमध्ये मोठं कोणी नाही," तानिएला म्हणाला.

"लहान पोरं आहेत हे माहीत होतं?"

"कॅलेंडरात सगळं असायचं, आत्या. कुठली बस, कुठला रस्ता, सोबत कोण. आम्ही रोज बघायचो. सोबत कोणी नसेल असा दिवस यायची वाट बघत होतो."

"माझ्या घरी जेवून."

"हो."

"कान तुझा मोठ्यांनी फाडला. ही पोरं आठवीची."

"पिवळीच ना," तो म्हणाला, आणि मग रडायला लागला. तिने त्याचं डोकं धरलं नाही. उठून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी नारळीच्या माजी विद्यार्थ्यांनी, म्हणजे पोरंबाळं असलेल्या बाप्यांनी, बाजारात एका जांभळ्या पोराला कोयत्याच्या बोथट बाजूने बदडलं. तो या भानगडीत नव्हताही, मासळी घ्यायला आला होता. दुपारी सेमिसीच्या आवारात चौघे शिरले. डुकरांच्या गळ्यावर सुरे फिरवले, खुराड्याला आग लावली आणि जाताना सांगून गेले की पुढची पाळी घराची. मकेलेताने मोबाइल काढून कॅलेंडर बंद केलं.

सेमिसी जळक्या खुराड्यापाशी उभा होता. भाऊ-बहीण वयात आले की आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत, थट्टामस्करी तर सोडाच. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी वाकाच्या दारात जाऊन बसतो उद्या. पानं घालून."

"मीही येते."

"हे बापाचं काम आहे."

"आत्या बापाच्या वर म्हणता ना? मग जमिनीवर बसायलाही मीच हवी."

सकाळी दोघं वाकाच्या अंगणात जाऊन बसली. अंगाला फाटक्या जुन्या चटया गुंडाळलेल्या, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांच्या माळा, माना खाली. क्षमा मागायची ती अशी. मग समोरच्याने जे करायचं ते करावं. आधी बराच वेळ कोणीच आलं नाही. कुंपणाशी गाव जमलं. मग वाकाचा धाकटा भाऊ आला आणि त्याने सेमिसीच्या तोंडावर लाथ मारली. सेमिसी आडवा झाला, उठला, दाताचा तुकडा थुंकला आणि परत मान खाली घालून बसला. त्याने पुन्हा मारली. कुंपणावरून कोणीतरी दगड टाकला, तो मकेलेताच्या पाठीत बसला. मग लिसिआतेची आई बाहेर आली. तिने मकेलेताचे केस धरून मान वर केली आणि थोबाडीत मारली, एकदा, दोनदा, हात दुखेपर्यंत. "माझं पोर तुझ्या शाळेत पाठवलं," ती प्रत्येक वेळी म्हणत होती, "तुझ्या शाळेत पाठवलं." मकेलेताचा ओठ फुटला. तिने हात चटईखालीच ठेवले. तानिएलाला असंच वाटलं असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

ऊन डोक्यावर आल्यावर वाका आला. कपाळाला पट्टी. तो सेमिसीपुढे उकिडवा बसला आणि त्याच्या गळ्यातली माळ काढून बाजूला टाकली. "ऊठ. घरी जा. तुझ्या घराला कोणी हात लावणार नाही, मी सांगतो त्यांना." मग तो मकेलेताकडे वळला.

"बाई, तुम्ही बसमध्ये होता. तुम्ही नसता तर अजून दोन-चार पोरं गेली असती. ते मी पाहिलंय. पण 'सोबत शिक्षक नाही' हे मी सकाळी चहा पिताना वाचलं होतं, आणि त्यांनीही वाचलं. तुमची माळ मी नाही काढत. माझ्याने होत नाही."

"बरं," ती म्हणाली.

तो आत गेला. सेमिसी कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला. ती बसून राहिली. ओठावरचं रक्त वाळलं, पायांना मुंग्या आल्या. दुपार कलली तेव्हा घरातून अनवाणी पावलं आली. दवाखान्याने लिसिआतेला त्याच सकाळी सोडलं होतं. अर्ध्या तोंडावर पांढरी पट्टी, अंगात बापाचा मोठा शर्ट.

"बाई, तुमच्या मानेवर लाल मुंगळे चढलेत."

"असू दे."

"चावतील की." त्याने माळ ओढली, ती तुटली, पानं तिच्या मांडीवर पडली. मग तो मुंगळे एकेक करून बोटाने उडवू लागला. अंतर चुकत होतं, दोन-तीनदा बोट तिच्या कानालाच लागलं. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "तिला पाणी दे आणि जा म्हणावं."

पुढच्याच सोमवारी दोन्ही शाळा एका वेळी सुटल्या आणि बस स्टँडवर पुन्हा पट्टे निघाले. मध्ये पडलेल्या फेलेती सरांच्या डोक्यात बाटली बसली. डोक्याला टाके घेऊन ते तिच्याकडे आले. "बंद केलंस ना? बघ. आता चालू कर." तिने चालू केलं, पण आता ते तिचं आणि सरांचं, तिसऱ्या कोणाला उघडत नव्हतं, बसवाल्यांना नुसती वेळ जायची, कोण आणि कुठल्या रस्त्याने ते नाही. शिक्षक नसेल तर बस हलवायची नाही, असं तिने मुख्याध्यापकांकडून लिहून घेतलं. ती स्वतः वाकाच्या बसने जाऊ लागली. तो तिच्याशी पूर्वीसारखा बोलत नसे. दगड अधूनमधून येत. पोरं न सांगता बाकाखाली जात.

तानिएलाचं वय कमी म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगात घातलं नाही. एउआ बेटावर एका पाद्र्याच्या मळ्यात कामाला धाडलं. वर्षभराने ती बोटीने त्याला भेटायला गेली. तो उंच झाला होता. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं, कुदळ डाव्या हाताने मारायचा. त्याने तिच्यासाठी चटई अंथरली, माडाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं समोर ठेवली आणि स्वतः जरा लांब बसला.

"त्याचा डोळा?"

"न्यूझीलंडहून काचेचा येणार आहे. पहिल्या बाकावर बसवलंय त्याला, त्याच्या डावीकडच्या टोकाला."

"गातो?"

"आवाज फुटला. आता नाही गात."

तो मनगट चोळू लागला. "आत्या, तू अजून मारलं असतंस तर मी मेलो असतो?"

"हो."

"मग थांबलीस का?"

"मी नाही थांबले. वाकाने थांबवलं."

त्याने मान हलवली. ताट तिच्याकडे थोडं सरकवलं. "जेव," तो म्हणाला. "गार होतंय."